टिमिन्सला सोन्याचे १४ क्लेम 'ऑप्शन'वर मिळतायत, घ्यावेत का? (कॅनडावाले प्लीज बघा)

मंग्या_मिसिसागा

मंडळी नमस्कार. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय जरा हटके आहे. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या ओळखीचा एक म्हातारा प्रॉस्पेक्टर (जंगलात फिरून खनिज शोधणारा) आहे उत्तर ओंटारियोत, टिमिन्सच्या जवळ. त्याच्या नावावर १४ क्लेम आहेत, सगळे लागून लागून, मिळून सातशे एकरच्या वर जागा होते. तो म्हणतो ऑप्शनवर देतो. म्हणजे सही करताना १० हजार डॉलर, वर्षाने २०, त्यानंतर ३०, असे तीन वर्षांत ६० हजार कॅश, आणि त्याच तीन वर्षांत जागेवर ३ लाखांचं काम करायचं. हे सगळं पुरं केलं की क्लेम १०० टक्के आपले, पुढे सोनं निघालं तर त्याला फक्त २ टक्के रॉयल्टी. त्यातला १ टक्का आपण नंतर १० लाखाला विकत घेऊ शकतो.

आम्ही चौघं मित्र आहोत, सध्या प्रत्येकी १५ हजार टाकायचा विचार चाललाय. त्याने एका दगडाचा लॅब रिपोर्ट दाखवला, टनाला ३८ ग्राम सोनं! सोनं ऑक्टोबर २०२५ मध्ये ४००० डॉलर औंसाच्या वर गेलं हे तर सगळ्यांना माहितीच आहे. आणि जागा कुठे, तर ज्या पट्ट्यात १९०९ पासून सोनं निघतंय तिथेच, पलीकडे मोठ्या कंपनीची खाण. बायको म्हणते वेड लागलंय. कुणाला अनुभव आहे का?

झुणकाभाकर

बायकोचं ऐक. धागा इथेच संपवा.

वऱ्हाडी_ठेचा

सातशे एकर ६० हजारात? अबे इथं हिंगण्याकडं एक गुंठा नाही येत तेवढ्यात. घेऊन टाक भाऊ, सोनं नाही निघालं तर संत्र्याची बाग लाव 😄

मंग्या_मिसिसागा

@वऱ्हाडी_ठेचा तिथे उणे ३५ असतं हिवाळ्यात, संत्री नाही येणार 😂 पण जमीन तर जमीन ना?

दगडफोड्या

थांब थांब थांब. जमीन नाहीये ती. मी सडबरीला असतो, जिऑलॉजिस्ट आहे, अकरा वर्षं याच धंद्यात काढली, त्यातली सहा टिमिन्स आणि कर्कलंड लेकच्या आसपास. आधी शब्द नीट समजून घे मग पैशाचं बोलू.

क्लेम म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. क्लेम म्हणजे त्या चौकोनात खनिज *शोधायचा* हक्क, बस. तिथे घर बांधता येत नाही, झाडं विकता येत नाहीत, आणि सोनं सापडलं तरी ते काढून विकता येत नाही, त्यासाठी नंतर लीज घ्यावी लागते, ती २१ वर्षांची असते. सरफेस राइट्स वेगळे, मायनिंग राइट्स वेगळे. वरची जमीन बहुतेक सरकारचीच असते.

आणि हा क्लेम मिळतो कसा माहितीये का? पूर्वी जंगलात जाऊन चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायला लागायच्या, त्यावर टॅग, मधल्या रेषेवर झाडांना कुऱ्हाडीने खुणा. एप्रिल २०१८ पासून ते सगळं बंद. आता सरकारची ऑनलाइन सिस्टीम आहे, अख्ख्या प्रांतावर चौकोनांची जाळी टाकलीये, रिकामा चौकोन माऊसने क्लिक करायचा आणि फी भरायची. एका चौकोनाला ५० डॉलर. प्रॉस्पेक्टरचं लायसन लागतं, त्याआधी सरकारचा एक ऑनलाइन कोर्स असतो.

म्हणजे तुझ्या म्हाताऱ्याला हे १४ क्लेम आज नव्याने घ्यायला ७०० डॉलर लागले असते.

मंग्या_मिसिसागा

सातशे???

दगडफोड्या

हो पण लगेच त्याला चोर ठरवू नकोस. क्लेम टिकवायला दरवर्षी प्रत्येक चौकोनावर ४०० डॉलरचं काम करून त्याचा रिपोर्ट भरायला लागतो, पहिल्या वेळेला दोन वर्षांची मुदत असते. याला असेसमेंट वर्क म्हणतात. १४ चौकोन म्हणजे वर्षाला ५,६०० चं काम. नाही केलं तर क्लेम उडतो आणि दुसरा कुणीही क्लिक करून घेऊन जातो. तो म्हातारा ते किती वर्षं सांभाळतोय, त्याने तिथे काय काय केलंय, नकाशे आहेत का, मातीचे नमुने घेतलेत का, याची किंमत असते. प्रॉस्पेक्टर हा प्रामाणिक धंदा आहे, ती माणसं चिखलात आणि काळ्या माश्यांच्या ढगात आयुष्य काढतात. मी त्यांच्याबरोबर काम केलंय म्हणून सांगतो.

आता ऑप्शन. यात लोक हमखास फसतात, म्हणजे कुणी फसवतं असं नाही, स्वतःच फसतात. ऑप्शन म्हणजे तुला *हक्क* मिळतो, बंधन नसतं. पहिले १० हजार दिलेस, वर्षभर काम केलंस, काही दिसलं नाही, तर तू सोडून जाऊ शकतोस. पुढचे ५० हजार द्यायचे नाहीत. पण मग तोपर्यंत दिलेले पैसे गेले, केलेलं काम गेलं, त्या कामाचा डेटाही त्याला द्यावा लागतो, आणि क्लेम त्याच्याकडे परत. अर्धं काम केलं म्हणून अर्धे क्लेम मिळत नाहीत, करारात तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच.

आकडेमोडी

अकाउंटंट इथे. दगडफोड्या बरोबर बोलतोय, मी फक्त पैशाची बाजू सांगते. मंग्या, तू १५ गुणिले ४ म्हणजे ६० हजार धरलेस, ते फक्त त्या म्हाताऱ्याला द्यायचे. ३ लाखांचं काम कोण करणार? ते धरून प्रत्येकी ९० हजार होतात. पंधरा नाही, नव्वद.

दुसरं, ही ऑप्शनची रचना मुळात शेअरबाजारात लिस्टेड ज्युनिअर, म्हणजे नुसतं शोधकाम करणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी असते. त्या थोडी कॅश आणि बाकी शेअर देतात, आणि कामाचे पैसे फ्लो-थ्रू शेअर विकून बाजारातून उभे करतात. त्यात कंपनी आपल्या शोधकामाच्या खर्चाची टॅक्स वजावट शेअर घेणाऱ्याला देऊन टाकते, वर केंद्र सरकारचं १५ टक्के क्रेडिटही मिळतं. डेंटिस्ट लोक टॅक्स वाचवायला डिसेंबरात घेतात ते हेच. चार मित्रांच्या खिशाला हे मॉडेल पेलत नाही. आणि उद्या अजून मित्रांकडून पैसे गोळा करायला गेलात तर ओळखीच्या लोकांकडून भांडवल घ्यायलाही सिक्युरिटीजचे नियम आहेत, फॉर्म आहेत, ते वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

निवृत्त_नकाशा

माझं आयुष्य सरकारी नोकरीत नकाशे करण्यात गेलं, आता नागपुरात घरी बसून तुमचे धागे वाचतो. मंगेशराव, त्या ३८ ग्रामबद्दल दोन शब्द.

तो नमुना 'ग्रॅब सॅम्पल' असणार. म्हणजे माणूस चालत गेला, त्याला गारेचा (क्वार्ट्झचा) एक तुकडा दिसला, त्यात पायराइट चमकत होतं, कदाचित डोळ्याला सोनंही दिसलं असेल, तो त्याने उचलला आणि लॅबला पाठवला. तो तुकडा खराच आहे, रिपोर्टही खरा आहे. पण आंब्याच्या पेटीतला सगळ्यात पिकलेला आंबा चाखवून पेटी विकण्यातला हा प्रकार. शिरेची, म्हणजे खडकातल्या त्या गारेच्या पट्ट्याची, रुंदी किती, लांबी किती, खोलीत जाते की मीटरभरात संपते, आजूबाजूच्या खडकात काय आहे, हे त्या एका आकड्यात काहीच नसतं. बोटभर शीर ३८ ग्रामची असली आणि बाकी दीड मीटर कोरडा खडक असला तर खाणवाल्याला सरासरी एक ग्रामच्या आतबाहेर मिळते.

आणि विचारा की तो दगड जागचा होता की वाहून आलेला. टिमिन्स भागात हिमनदीने आणि नंतरच्या हिमयुगीन सरोवराने मातीचा जाड थर टाकलेला आहे, कित्येक ठिकाणी खडक दिसतच नाही. हिमनदीने ओढत आणलेला दगड मूळ जागेपासून मैलोगणती लांब असू शकतो. दगड तुमच्या क्लेमवर, शीर शेजाऱ्याच्या!

दगडफोड्या

काका अगदी हेच. मंग्या, एक हिशोब लक्षात ठेव, टनाला ५ ग्राम ही जमिनीखालच्या खाणीला बरी ग्रेड मानतात. ५ ग्राम म्हणजे अर्ध्या तोळ्याच्याही आत, एक टन दगडातून. त्यामुळे डोळ्याने सोनं दिसणं हा इथे अपवाद असतो, सगळा खेळ लॅबचा आणि ड्रिलचा. आणि ड्रिल स्वस्त नाही. रस्ता, कॅम्प, लॅब सगळं धरून मीटरला अडीचशे डॉलर पकड. म्हणजे तुझ्या ३ लाखांत बाराशे मीटर, दोनशे मीटरची सहा भोकं. सातशे एकरात सहा भोकं! सुई शोधायला गवताच्या गंजीत सहा वेळा बोट घालण्यासारखं.

रंकाळा_कट्टा

आरं पण लोकं करोडपती झाल्यातच की यातनं. सगळं निगेटिव्हच काय सांगताय त्या पोराला?

दगडफोड्या

झालेत ना, नाही कोण म्हणतो. हेम्लोची गोष्ट सांगतो, ऑप्शनची याहून भारी केस नाही. लेक सुपिरियरच्या वर मॅराथॉन म्हणून गाव आहे, तिथून जवळ, हायवे १७ च्या अक्षरशः कडेला. तिथे सोन्याच्या खुणा १९४० च्या दशकापासून माहीत होत्या, कंपन्या आल्या, ड्रिल केलं, सोडून गेल्या. १९७९-८० च्या सुमारास टिमिन्सचे दोन प्रॉस्पेक्टर, जॉन लार्श आणि डॉन मॅकिनन, यांनी तिथे क्लेम मारले. ते शेवटी व्हँकुव्हरच्या कोरोना नावाच्या छोट्या कंपनीकडे गेले. डेव्हिड बेल नावाचा जिऑलॉजिस्ट ड्रिल करत राहिला, भोकामागून भोक, पैसे संपत आलेले, आणि १९८१ मध्ये ७६ व्या भोकाला लागलं. तीन खाणी झाल्या तिथे, दोन कोटी औंसाच्या वर सोनं निघालं. दोघे प्रॉस्पेक्टर रॉयल्टीवर श्रीमंत झाले.

पण पुढचं ऐक. लॅक मिनरल्स म्हणून मोठी कंपनी कोरोनाशी भागीदारीचं बोलायला आली, कोरोनाने त्यांना नकाशे, कोअर (ड्रिलमधून निघालेले दगडाचे दांडके), सगळं दाखवलं. बाजूची विल्यम्स नावाची जागा एका विधवा बाईंच्या नावावर होती, कोरोनाही ती मिळवायच्या मागे होती. लॅकने माहिती घेतली आणि गुपचूप जाऊन ती जागा स्वतःच विकत घेतली. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८९ मध्ये कोर्टाने सांगितलं की विश्वासाने दिलेल्या माहितीचा गैरवापर केलात, जागा कोरोनाला द्या. तोपर्यंत लॅकने तिथे चालती खाण उभी केलेली! म्हणून आज कुणीही डेटा दाखवायच्या आधी गोपनीयतेच्या करारावर सही घेतो, आणि ऑप्शनच्या करारात 'एरिया ऑफ इंटरेस्ट' असतो, म्हणजे आजूबाजूच्या अमुक किलोमीटरमध्ये दोघांपैकी कुणीही नवा क्लेम घेतला तर तो आपोआप करारात येतो.

रंकाळा_कट्टा

लई भारी. ७५ व्या भोकाला सोडलं असतं तर?

दगडफोड्या

तर दुसऱ्या कुणीतरी अजून पंचवीस वर्षांनी शोधलं असतं. आणि ७६ च्या मागे किती प्रोजेक्ट ७५ ला, ४० ला, ६ ला मेलेत त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. अलीकडचं उदाहरण हवं तर रेड लेकचं डिक्सी घे. ग्रेट बेअर म्हणून छोटी कंपनी, जुना मागे पडलेला प्रोजेक्ट घेऊन बसली, २०१९ मध्ये नवा मोठा झोन लागला, २०२२ मध्ये किनरॉस या मोठ्या खाण कंपनीने साधारण १.८ अब्ज कॅनेडियन डॉलरला कंपनीच घेतली. होतं असं. पण त्यांनी सहा भोकं नाही मारली, शेकडो मारली.

स्वाती_ब्रॅम्प्टन

मी जरा कडू अनुभव सांगते. २०११ ला माझ्या मिस्टरांनी एका ज्युनिअर कंपनीचे शेअर घेतले होते, नाव नाही घेत. प्रेस रिलीज इतक्या भारी यायच्या, दर महिन्याला 'लगतच्या खाणीच्या रेषेत' आणि 'ऐतिहासिक हाय ग्रेड' वगैरे. ३० सेंटला घेतले, ४५ झाले, आम्ही घरी पुरणपोळ्या केल्या, मग २, मग कंपनीचं नावच बदललं आणि ती गांजा पिकवायला लागली. खरंच. दहा जुन्या शेअरचा एक नवा झाला. ते सर्टिफिकेट अजून ड्रॉवरमध्ये आहे.

झुणकाभाकर

सोन्यावरून गांजावर 😂😂 ताई सॉरी पण हसू आवरेना

निवृत्त_नकाशा

'लगतच्या खाणीच्या रेषेत' याला या धंद्यात क्लोजॉलॉजी म्हणून हसतात. जिऑलॉजी नव्हे, शेजारॉलॉजी. अर्थात शेजाराला अगदीच अर्थ नसतो असं नाही. टिमिन्समधून पोर्क्युपाईन-डेस्टर नावाचा मोठा भ्रंश (खडकातली लांबलचक भेग) जातो, तिथल्या खाणी त्याच्या आसपास बसल्या आहेत, तसंच कर्कलंड लेकच्या बाजूला कॅडिलॅक-लार्डर लेक भ्रंश. त्या रेषांना धरून जागा शोधणं शहाणपणाचंच. पण रेषा शेकडो किलोमीटरची आहे आणि खाणी मोजक्या आहेत.

आणि फसवणूक म्हटली की ब्रे-एक्स आठवल्याशिवाय राहत नाही. कॅलगरीची कंपनी, जागा इंडोनेशियात बुसांग, नमुन्यांत नदीतलं सोनं बाहेरून मिसळलेलं. ड्रिलच्या कोअरचा अर्धा भाग नेहमी जपून ठेवायचा असतो, कुणालाही पुन्हा तपासता यावा म्हणून. यांनी अख्खा कोअर दळायला पाठवला. आम्ही पेपरात वाचलं तेव्हा तिथेच शंका यायला हवी होती असं आमचे साहेब म्हणाले होते, अर्थात नंतर सगळेच शहाणे. १९९७ मध्ये फुगा फुटला, सहा अब्ज डॉलरची कंपनी शून्य झाली. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने एनआय ४३-१०१ हा नियम आणला, लिस्टेड कंपनीने खनिजाबद्दल जे छापायचं त्याची जबाबदारी एका पात्र तज्ज्ञाने नावानिशी घ्यायची.

फोंडेकर

आमच्या गोंयात २०१८ मदी सुप्रीम कोर्टान ८८ मायनिंग लीजी एका फटक्यात रद्द केल्यो. ट्रक दारांत उबे रावले. खाण म्हटली की सरकार खंयच्या वेळेर कितें करतलें तें सांगपाक येना. कॅनडात तें भंय ना?

दगडफोड्या

@फोंडेकर इथे भीती वेगळी. ड्रिल आणायचं तर एक्सप्लोरेशन परमिट लागतं, छोट्या कामाला प्लॅन भरावा लागतो. अर्ज गेला की मंत्रालय तिथल्या फर्स्ट नेशन्सना, म्हणजे मूळ रहिवाशांना, कळवतं. टिमिन्सचा भाग ट्रीटी ९ मध्ये येतो, १९०५-०६ चा करार, ती जमीन त्यांच्या शिकारीची, मासेमारीची आहे. जी कंपनी आधी जाऊन भेटते, चहा घेते, काय करणार ते सांगते, तिचं काम होतं. नुसता फॉर्म भरून जंगलात मशीन नेणाऱ्यांचं अडतं, आणि माझ्या मते अडायलाच पाहिजे.

वऱ्हाडी_ठेचा

आपल्याकडं असं क्लिक करून का बरं नाही भेटत? मी पण घेतले असते दोन-चार.

निवृत्त_नकाशा

आपल्याकडे २०१५ पासून खनिजाचे हक्क लिलावाने दिले जातात, त्याआधी अर्जाच्या क्रमाने. मग खाजगी माणूस शोधायला जाईना, कारण मी शोधणार आणि लिलाव दुसरा जिंकणार. म्हणून २०२३ च्या दुरुस्तीत एक्सप्लोरेशन लायसन आणलं, सोन्यासकट २९ खनिजांसाठी. शोधणाऱ्याला पुढे खाण घेणाऱ्याच्या लिलावाच्या रकमेतला वाटा. पण तेही लायसन लिलावानेच. टिमिन्सच्या म्हाताऱ्यासारखा एकटा माणूस कुऱ्हाड आणि हातोडी घेऊन निघाला ही गोष्ट आपल्याकडे होत नाही. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाली, तीन किलोमीटरच्या खाली गेली होती. मी तिथे १९८४ ला उतरलो आहे, खाली भिंतीला हात लावला की गरम लागायचा.

मंग्या_मिसिसागा

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गायब होतो कारण दगडफोड्याने व्यक्तिगत निरोप करून गृहपाठ दिला होता. तो असा.

एक, सरकारच्या ऑनलाइन नकाशावर ते १४ क्लेम बघ. बघितले. १४ पैकी ९ ची तारीख येत्या तीन महिन्यांत संपतेय!! म्हणजे आमच्या पैशातून काम झालं की त्याचे क्लेम टिकणार. एका क्लेमवरच्या कामाचं क्रेडिट लागून असलेल्या दुसऱ्या क्लेमला वाटता येतं, त्यामुळे एकाच जागी ड्रिल मारलं तरी सगळे वाचले असते. आणि हे तो बोलला नव्हता.

दोन, शेजारी बघ. पूर्वेला लागून चार चौकोन रिकामे आहेत. ५० डॉलरला एक. जागा एवढी सोन्याची आहे तर त्याने तेच का नाही घेतले?

तीन, जुने रिपोर्ट. हे मला माहीतच नव्हतं, आजवर जे जे असेसमेंट वर्क झालं त्याचे रिपोर्ट सरकारकडे जमा असतात आणि कुणालाही फुकट बघता येतात, स्कॅन केलेले, टाइपरायटरवाले. त्यात सापडलं की १९८७ ला तिथे चार भोकं मारलेली होती. सगळ्यात चांगला तुकडा ०.९ मीटर, २.१ ग्राम. दगडफोड्या म्हणतो यात जीव आहे पण आयसीयूमध्ये आहे.

दगडफोड्या

एक सांगायचं राहिलं, चारही भोकं एकाच दिशेने मारलेली आहेत. १९८७ ला त्यांना शीर कुठल्या बाजूला कलते ते नीट कळलं होतं की नाही शंका आहे. मी नकाशा बघितला तेव्हा मलाही खाज सुटली, खोटं कशाला बोलू. साऊथ पोर्क्युपाईनला सरकारी रेसिडेंट जिऑलॉजिस्टचं ऑफिस आहे, तिथे कोअर लायब्ररी आहे, सल्ला फुकट मिळतो. जाऊन विचार.

आकडेमोडी

खाज सुटली म्हणून चेक फाडायचा नाही, एवढं लिहून ठेवा दोघांनी.

मंग्या_मिसिसागा

नाही फाडला. काल त्या म्हाताऱ्याला फोन केला, तारखांचं सरळ विचारलं. मला वाटलं भडकेल. तो जोरात हसला, म्हणाला तीन वर्षांत तू पहिला ज्याने नकाशा उघडून बघितला. मग म्हणाला गुडघे गेलेत, आता एकट्याला जमत नाही, मुलाला रस नाही, मुलगा टोरंटोत कॉम्प्युटरचं काम करतो. मी म्हटलं मीही तेच करतो. परत हसला.

शेवटी ठरलं असं की पैसे शून्य, करार शून्य. मे अखेरीस आम्ही दोघं मित्र एक आठवडा जातोय, तो दाखवेल तिथे खणायचं, मातीचे आणि दगडाचे नमुने घ्यायचे, पिशव्या वाहायच्या. आमचं जेवण आणि लॅबचा खर्च आमचा. मजुरी आणि लॅब मिळून निदान तीन-चार क्लेम टिकतील असं तो म्हणतो, बाकीचे जाऊ दे म्हणाला. ज्या दगडात ३८ ग्राम आलं ती जागाही दाखवणार आहे. बायको म्हणते हे ९० हजारांपेक्षा स्वस्त वेड आहे.

काय काय न्यायचं सांगा.

दगडफोड्या

डोक्यावरून घ्यायची जाळी, दोन. एक फाटतेच. मे अखेर म्हणजे काळ्या माश्यांचा सीझन, कानामागे आणि पँटच्या कडेला चावतात, पायमोजे पँटवरून ओढून घ्यायचे, दिसायला कसं दिसतं त्याचा विचार करायचा नाही. गडद निळे कपडे नकोत, माश्या त्यावर जास्त येतात. रबरी बूट. हातोडी तो देईल पण डोळ्यांना गॉगल स्वतःचा ने, गार फोडताना कपच्या उडतात. अस्वलाचा स्प्रे. आणि प्रत्येक नमुन्याचा जीपीएस तिथल्या तिथे लिहायचा, संध्याकाळी आठवून नाही.

वऱ्हाडी_ठेचा

ठेचा ने बाप्पा. अस्वल पण पळते.

निवृत्त_नकाशा

मंगेशराव, त्या भागात काही ठिकाणी हिरवागार कार्बोनेट खडक मिळतो, फुक्साइट नावाच्या अभ्रकामुळे तो रंग येतो, पावसात ओला झाला की पोपटासारखा दिसतो असं ऐकून आहे. सोनं नाही मिळालं तरी चालेल, त्याचा मुठीएवढा तुकडा मिळाला तर भारतात कुणी येत असेल त्याच्याबरोबर पाठवा. माझ्या टेबलावर कोलारची गार आहे, तिच्या शेजारी ठेवीन.

मंग्या_मिसिसागा

काका नक्की. डिसेंबरला मी स्वतःच येतोय नागपूरला, मावशीकडे.